मोठी पट्टी

मोठीचा गुडघा टेबलाच्या पायावर आपटला आणि स्क्रीनवर बाबांचा गोल लाल झाला. कळ इतकी सणसणीत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं निघालं नाही. चार माणसं ऐकत असताना ओरडायची तिला सवयच नव्हती. तिने गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला आणि आतल्या खोलीकडे बघितलं. मधलं दार उघडंच होतं. खुर्ची तिने मुद्दाम अशी लावून घेतली होती की बोलता बोलता पलंगाचा अर्धा भाग दिसावा: बाबांची पावलं, पांघरुणाची घडी, डावा हात आणि त्या हातावरची करडी पट्टी. बाबा गाढ झोपले होते. पोट संथपणे वरखाली होत होतं. आणि इकडे स्क्रीनवर 'बाबा' असं नाव लिहिलेला गोल फुगला होता, थरथरत होता आणि सरकत सरकत पार मधोमध येऊन बसला होता. "बघ! बघ! आत्ता बघितलंस ना, ताई?" धाकटी बहीण म्हणाली, आणि तिचा पिवळा गोल बाबांच्या गोलाजवळ जाऊन चिकटला. "काहीतरी झालं त्यांना. वाईट स्वप्न पडलं असेल." मोठीचा स्वतःचा गोल खाली डाव्या कोपऱ्यात होता, निळाशार, धुऊन उपडी घातलेल्या बशीसारखा. गुडघा ठणकत होता आणि त्या बशीवर साधा तरंगही नव्हता.

हे गोलांचं खूळ मधल्याचं. मधला म्हणजे तिच्या पाठचा भाऊ. विमानाने नऊ तास लागतील इतक्या लांब राहतो आणि लोकांच्या ऑनलाइन बैठका सुधारायचं काम करतो. तिथल्या कंपनीत त्याला त्याबद्दल मान आहे म्हणे. बाबांना झटका आल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, दर रविवारी चार वाजता कुटुंबाची बैठक भरते, आणि आधी ती बैठक म्हणजे डोक्याला नुसता ताप होता. आत्याचा कॅमेरा तिच्या घरचा पंखा दाखवायचा. धाकटी बोलायला लागली की मधलाही बोलायला लागायचा, मग दोघं एकदम थांबायची, "तू बोल", "नाही, तू बोल", आणि मग दोघं परत एकदम. "तुझा आवाज बंद आहे" हे वाक्य ऐकून ऐकून मोठीचे कान किटले होते. बहुतेक वेळा ते तिलाच उद्देशून असायचं, आणि बहुतेक वेळा आवाज चालू असून ती गप्प असायची. मग दीड महिन्यापूर्वी मधल्याने जाहीर केलं की चेहरे बघून काही कळत नाही, चेहऱ्याने माणूस खोटं बोलतो. प्रत्येकाने मनगटावर पट्टी बांधायची. पट्टी नाडी मोजणार, कातडीवरचा घाम मोजणार, श्वास मोजणार, हाताची थरथर मोजणार, आणि स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी प्रत्येकाचा एक गोल दिसणार. शांत माणूस निळा. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि जिवाची तगमग झाली की लाल. जो सगळ्यात अस्वस्थ त्याचा गोल आपोआप मध्ये येणार आणि बाकीचे त्याच्याभोवती गोळा होणार. "म्हणजे कसं, मोठे," तो म्हणाला होता, "ज्याला गरज आहे त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जाईल. बोलायचीसुद्धा गरज नाही. बाबांची वाचा गेली, पण निदान ते या बैठकीत असतील तरी." हे शेवटचं वाक्य खरोखर चांगलं होतं, म्हणूनच तिने हो म्हटलं. आत्याने पहिल्या दिवसापासून गोलांना फुगे म्हणायला सुरुवात केली. पट्टीने मनगटाला खाज सुटते म्हणून तिने ती पायात बांधली होती, आणि बसल्या बसल्या पाय हलवायची तिला सवय, त्यामुळे तिचा फुगा सदानकदा नाचत असायचा. तो कुणी मनावर घेत नसे.

बाबांचा गोल मात्र सगळ्यांनी मनावर घेतला. पहिल्याच रविवारी तो नारिंगी निघाला, दुसऱ्या रविवारी लाल. मग मधल्याने मोठीच्या फोनवर एक सूचना बसवली. दुपारची भांडी आवरून, बाबांचे कपडे वाळत घालून ती जरा आडवी व्हायची, कोर्टातून नोकरीबद्दल आलेल्या पत्राचा विचार करायची, आणि फोन किणकिणायचा: बाबा अस्वस्थ आहेत. ती धडपडत आत जायची. बाबा खिडकीकडे बघत असायचे, नाहीतर भिंतीकडे, नाहीतर नुसतेच. कुठे दुखतंय का? "हो." पाणी हवंय का? "हो." बरं वाटतंय ना? "हो." झटक्यानंतर त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता आणि तो ते सगळ्यांना सढळ हाताने देत होते. ती पलंगाच्या कडेवर बसून त्यांचे पाय चेपायची, छातीत धडधडत असायचं, आणि फोन पुन्हा किणकिणायचा: बाबा अजूनही अस्वस्थ आहेत. जितकी ती घाबरायची तितके ते अस्वस्थ, आणि जितके ते अस्वस्थ तितकी ती घाबरायची. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, हे तिला दिसत होतं. पण मधला म्हणालाच होता ना, चेहरा खोटं बोलतो. डोळ्यांसमोरच्या माणसाला सोडून ती फोनमधल्या गोलावर विश्वास ठेवत गेली. मग धाकटीने डॉक्टरांना आलेख पाठवले आणि डॉक्टरांनी अर्धी गोळी लिहून दिली, जीव शांत करणारी, रोज जेवणानंतर. त्या गोळीने बाबा दुपारी एक ते संध्याकाळी सहा झोपायला लागले. गोल लाल तो लालच.

आणि या सगळ्यात स्वतः मोठीचा गोल म्हणजे कौतुकाचा विषय. "ताई, तू कसं जमवतेस गं?" धाकटी विचारायची. धाकटी दातांची डॉक्टर, पेशंटने तोंड उघडायच्या आधीच तिचा गोल पिवळा होतो. "मला शिकव ना. तू श्वासाचे व्यायाम करतेस का?" मोठी म्हणायची, मी काही करत नाही. यावर धाकटी आणखी भारावून जायची. मधल्याने तर कंपनीतल्या मोठ्या सभेत तिचा गोल पडद्यावर दाखवला होता, नाव झाकून. आठ महिने आजारी माणसाची सेवा करणारी व्यक्ती, आणि बघा, ही स्थिरता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं त्याने अभिमानाने सांगितलं. तिला तेव्हा हसावं की रडावं ते कळलं नव्हतं. तिला वाटलं होतं, असेन बुवा. आई गेली तेव्हाही लोक म्हणत होते, मोठी काय, दगड आहे दगड. कोर्टात वीस वर्षं लघुलेखिका म्हणून काढली, तिथेही हेच. साक्षीदार बोलायचा, वकील बोलायचे, न्यायाधीश बोलायचे, आणि तिची पेन्सिल चालायची. शब्द तेवढा उतरवायचा. साक्षीदाराच्या ओठांचा चंबू झाला, त्याने खांद्याने डोळे पुसले, बायको बाकावरून उठून बाहेर गेली, यातलं काही उतरवायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्याने उत्तर द्यायच्या ऐवजी नुसताच हुंदका दिला आणि तिने तिथे रिकामी ओळ सोडली, तर न्यायाधीशांनी ती रिकामी ओळ काढायला लावली होती. असं वीस वर्षं केल्यावर माणूस आतून निळा होत असेल, काय सांगावं.

गुडघ्याची कळ ओसरत चालली तसा बाबांचा गोल नारिंगी झाला. हे तिने बघितलं. कळ कमी, रंग कमी. तिने टेबलाखाली हात नेला आणि डाव्या दंडाला, आतल्या मऊ बाजूला, करकचून चिमटा काढला. बाबांचा गोल उसळला. "अगं बाई, परत!" आत्या म्हणाली. मोठीने श्वास रोखून धरला, मनातल्या मनात चाळीसपर्यंत मोजलं. बाबांचा गोल कडेकडेने गडद होत गेला. तिने श्वास सोडला. तोही सैल पडला. आत पलंगावर बाबांनी एक लांब घोरणं सोडलं आणि कूस बदलली, तर खालच्या कोपऱ्यातली तिची निळी बशी किंचित, अगदी किंचित हलली आणि परत स्थिर झाली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग आलेला राग इतका मोठा होता की तो कुणावर काढावा हेच तिला कळेना.

पट्ट्यांचं पार्सल आलं तो दिवस तिला लख्ख आठवला. खोक्यात दोन पाकिटं. एका पाकिटावर मधल्याच्या त्या किरट्या अक्षरात लिहिलेलं: मोठी. दुसरं कोरं. ती दारात उभी होती, आत बाबांनी पेला सांडला होता, आणि तिने विचार केला तो एवढाच, की मोठी म्हणजे मोठी पट्टी. बाबांचं मनगट रुंद, त्यात औषधांनी आलेली सूज. मोठी त्यांना, दुसरी मला. तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आई तिला मोठी म्हणायची, बाबा म्हणायचे, मधला अजून म्हणतो. उभ्या जन्मात तिला त्याच नावाने हाका मारल्या गेल्या, आणि त्या नावाने आलेलं पाकीट हातात धरून तिला ते नाव आपलं वाटलं नाही. पट्टीचं माप वाटलं. आणि त्या शहाण्याने दुसऱ्या पाकिटावर 'बाबा' अशी दोन अक्षरं लिहायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. एकावर लिहिलं की दुसरं आपोआप कळतं, असा त्याचा हिशेब. सगळ्या जगाच्या बैठका सुधारायला निघालेला माणूस.

पण रागाच्या मागून जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. सकाळी साडेआठला ती बाबांना स्पंजने पुसून काढते. गेल्या महिन्यात एकदा तिने पुसता पुसता फोन उशाशी ठेवला होता आणि पहिला हात लावल्याबरोबर तो किणकिणला होता. पाठ पुसताना लाल. मांड्या पुसताना लाल. लंगोट बदलताना तर गोल स्क्रीनच्या बाहेर जातो की काय असं झालं होतं. तेव्हा ती तिथेच खाली बसली होती. तिला वाटलं होतं, यांना माझा हात सहन होत नाही. आयुष्यभर ताठ मानेने वावरलेला माणूस, मुलीने असं उघडं करावं हे त्यांना आतून जाळत असणार, आणि बोलता येत नाही म्हणून बिचारे 'हो' म्हणतात. त्या दिवसापासून ती पुसताना डोळे दुसरीकडे करायची, हात हलका ठेवायची, मनात माफी मागायची. आता आत पाय पसरून झोपलेल्या त्या माणसाकडे बघताना तिला कळत होतं की बाबांना काहीच वाटत नव्हतं. कोमट पाणी, मऊ स्पंज, त्यांना बरंच वाटत असेल. जळत होतं ते दुसरंच कुणीतरी. किळस येत होती ती तिला. रोज सकाळी साडेआठला तिचं काळीज एकशेवीसच्या वेगाने धावत होतं, आणि ती त्याची माफी बाबांकडे मागत होती. लहानपणी बाबा तिला मोजणीच्या कामावर घेऊन जायचे. ते भूमापक. लांबलचक फीत, एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तिच्या. "हलू नकोस," ते लांबून ओरडायचे, आणि ती उन्हात पायांवर मुंग्या चढल्या तरी हलायची नाही. मधला एकदाच आला होता. त्याने फीत टाकून दिली आणि फुलपाखरांमागे गेला, मग त्याला कधी नेलं नाही. तिला नेत राहिले. चांगलं काम केल्याची शिक्षा कशी असते ते तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

"मोठे, ऐकतेयस ना?" मधला म्हणत होता. त्याचा हिरवा गोल बोलण्याबरोबर कडेने थरथरत होता. "मी ठरवलंय. अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढलं. दोन महिन्यांची रजा टाकली. बाबांची अशी तडफड मला लांबून बघवत नाही. दोन महिने मी बघतो, तू कोर्टात हजर हो." हे वाक्य. हे वाक्य ऐकायला तिने आठ महिने काढले होते. तीनदा तिने स्पष्ट विचारलं होतं, जमेल का रे तुला यायला? तीनदा त्याने म्हटलं होतं, या वर्षी शक्य नाही गं, पण तू आहेस ना, मग मला काळजी नाही. कोर्टाचं पत्र टेबलाच्या खणात होतं: बिनपगारी रजा संपली, एक तारखेला हजर व्हा नाहीतर जागा सोडा. जागा सोडली की संपलं. पुढची सगळी वर्षं हे टेबल, हे दार, ती पावलं. बाबांना घरी खुर्चीत बसवून ती एकदाच कोर्टाच्या रस्त्याने फिरून आली होती, उगाच, आणि पायऱ्यांवर ऊन खात उभ्या असलेल्या शिपायाने "बाई, कधी येताय?" म्हटल्यावर तिला इतकं बरं वाटलं होतं की घरी येऊन ती रडली होती. आता अठ्ठावीस तारीख. गप्प बसायचं फक्त. गोळी रोज मोरीत टाकायची, पट्ट्या आहेत तशा राहू द्यायच्या, बाबांना काही अपाय नाही. ती गप्प बसण्यात वीस वर्षांची तरबेज होती.

"आणि ताई, उद्या सकाळी नऊला गाडी येईल," धाकटी म्हणाली. "माझं डॉक्टरांशी बोलणं झालंय. अर्ध्या गोळीने भागत नाहीये, ते म्हणतात चार दिवस दाखल करा, इंजेक्शनवर ठेवून बघू. तू फक्त त्यांची बॅग भर." दवाखाना. मागच्या वेळी ती औषधं आणायला खाली गेली तेवढ्यात त्यांनी बाबांचा चांगला हात पलंगाच्या दांडीला बांधला होता, नळी ओढतात म्हणून. ती परत आली तेव्हा बाबा त्या गाठीकडे बघत होते आणि म्हणत होते, हो, हो, हो, हो. परिचारिका म्हणाली होती, बघा, किती समजूतदार आहेत. स्क्रीनवर 'बाबा' टरारून फुगला होता, इतका लाल की बाकीचे चारही गोल त्याच्या कडेला ढकलले गेले होते. "बघवत नाही गं," आत्या रडवेल्या आवाजात म्हणाली. "माझा दादा कधी असा नव्हता."

"पट्ट्यांची अदलाबदल झालीये," मोठी म्हणाली.

"काय?"

"बाबांची माझ्या हातात आहे आणि माझी बाबांच्या. पहिल्या दिवसापासून. तू पाकिटावर मोठी लिहिलं होतंस."

"मग? मोठी म्हणजे तू!"

"मला वाटलं पट्टी मोठी."

मग मधला फिसकन हसला. तो हसला आणि धाकटीही हसली, आणि आत्याला आधी कळलंच नाही, मग दोनदा समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दादाला काही झालेलं नाही?" नाही, मोठी म्हणाली, दादाला काही झालेलं नाही, दादा मस्त घोरतोय, ऐक हवं तर. "हुश्श!" धाकटी म्हणाली. "ताई, जिवात जीव आला बघ. मी आत्ताच गाडी नको म्हणून सांगते. गोळी पण थांबवायला हवी, डॉक्टरांना विचारून घेते." आणि मोठीच्या डोळ्यांदेखत धाकटीचा पिवळा गोल हिरवा झाला, हिरव्याचा निळा. मधल्याचाही निळा झाला. आत्याने पाय हलवायचा थांबवला असावा, कारण तिचा फुगासुद्धा दीड महिन्यात पहिल्यांदा स्थिर झाला आणि छान आकाशी दिसायला लागला. कोपऱ्यातला निळा तर निळाच होता. मध्ये तो एक लाल.

"थांब, मी इथून नावं बदलतो," मधला म्हणाला. टकटक ऐकू आली. कोपऱ्यातल्या बशीवर 'बाबा' उमटलं. मधोमधच्या लाल गोलावरचं नाव पुसलं गेलं, तो क्षणभर बिननावाचा धडधडत राहिला, मग त्यावर 'मोठी' आलं. "झालं. आता सगळं बरोबर दिसतंय," तो समाधानाने म्हणाला. "बरं झालं वेळेवर कळलं. तिकीट अजून रद्द करता येईल. उगाच दोन महिने कशाला रजा घालवू, नाही का? उन्हाळ्यात निवांत येतो, सगळ्यांना घेऊन."

"रद्द करू नकोस," मोठी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "ये तू. बाबांसाठी नको येऊस. माझ्यासाठी ये. मला हे आता होत नाही."

लाल गोल अर्ध्या स्क्रीनएवढा झाला होता, मधल्याने योजलं होतं तसाच मधोमध, आणि त्याच्याभोवती चार निळे गोल गोळा होऊन बसले होते. त्यातल्या एकाची कड हलली.

"अगं पण, मोठे," मधला म्हणाला, आणि त्याला खरोखरच कळत नव्हतं, "तुला काय झालंय?"